लाल हात, पोपटी लुगडी

२१ एप्रिल १९८५, रविवार

जात नाही! साबण लावला, राख लावली, चिंच चोळली — हात लाल ते लालच. उद्या शाळेत पोरं विचारणार, बाई, काय कापलंत? रातांबे कापले रे बाबांनो, टोपल्याच्या टोपल्या कापले!

आज पहिल्यांदा हरिश्चंद्र शेठांच्या वखारीत सगळ्याजणी एकत्र बसलो. दोन्ही बाजूंना पाट, मध्ये ढीग. बिया वेगळ्या काढायच्या, सालांच्या वाट्यांत साखर दाबून भरायची, बरणीत रचायची आणि बरणी उन्हात. आठवडाभर ऊन खाल्लं की कोकम सरबताचा रस तयार. गेल्या वर्षापर्यंत ह्याच बायका हेच रातांबे दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने घालत होत्या, आणि वर त्याला गूळपाणी देत होत्या. कुडाळच्या शिबिरात मी ऐकून आले — कच्चं विकू नका, पक्कं करून विका — आणि तेव्हापासून मला चैन नाही. दारोदार जाऊन एकेकीचं डोकं खाल्लं. दाजी म्हणतात, शाळेत पोरं कमी पडली म्हणून ह्या बयेने आता त्यांच्या आया धरल्या. बाप असून माझी चेष्टा करतात!

सुगंधाचा हात सगळ्यांत चपळ. जीभ त्याहून. गिरणीचा संप झाल्यापासून नवरा मुंबईहून येऊन घरी बसलाय, घर हिच्यावर चाललंय. पण आज रातांबे कापताना गात होती. बेसूर! गाऊ दे.

वखार मिळाली तीही गंमतच. शेठ आपल्याच गावचे, मुंबईत हॉटेलं आहेत, माणूस दिलदार. निरोप पाठवला, रिकामीच आहे, तर लगेच उलटा निरोप — वापरा. भाडं नको, काही नको. फुकटच्या गोष्टीला मी जरा बिचकते. पण आज नाही बिचकायचं. आज फक्त हात बघायचे.

२३ एप्रिल, मंगळवार

बरण्यांना मुंग्या! सुगंधाने मुंग्यांना ज्या शिव्या दिल्या त्या शिक्षिकेला लिहिता येत नाहीत. मुंग्या गेल्या.

२८ एप्रिल, रविवार

विकलं! विकलं! विकलं!

सकाळच्या एस्टीने देवगडला गेलो. मी, सुगंधा, आणि ओझं उचलायला बाबली. बाबली म्हणजे आमच्या देवळातला ढोलवाला, बसल्या जागी झोपणारा. खोके मांडीवर घेऊन झोपला. कंडक्टर ओरडला, पुढे सरकून घ्या. बाबलीने डोळे न उघडता खणखणीत आवाजात उत्तर दिलं — “व्हय म्हाराजा!”

अख्खी एस्टी हसली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला.

बाबलीचा तरी काय दोष! देवासमोर नारळ ठेवून दाजी गाऱ्हाणं घालतात, गावाचं सुखदुःख देवाच्या कानावर घालतात, आणि दर वाक्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. पाळण्यातून उतरल्यापासूनची सवय. दाजींचा आवाज त्या विशिष्ट जागी खाली आला की तोंड आपोआप उघडतं. ऐकतंय कोण? उद्या दाजींनी देवाला सांगितलं, ह्या सगळ्यांच्या मिशा काढ — तरी गाव म्हणेल, व्हय म्हाराजा.

स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याने एक पेला चाखला, दुसरा चाखला, सगळ्या बाटल्या ठेवून घेतल्या. रोख! सुगंधा तिथेच खुर्चीवर बसली. बटाटावडा मागवला. बशीत. आम्हाला विचारलंसुद्धा नाही, सगळा एकटीने खाल्ला, सावकाश, पंख्याखाली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “बाई, हाटेलात खुर्चेर बसान मी आज पयल्यांदा खाल्लंय.”

येताना मी खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले होते. शिक्षिकेला शोभत नाही. नाही तर नाही.

३ मे, शुक्रवार

शेठ आले. पांढरी मोटार, टपावर दरवर्षीचा गठ्ठा. त्यात काय आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक — लुगडी, आणि लुगड्यांचा रंग पोपटी! दर मे महिन्यात देवळात सत्यनारायण, दाजींचं गाऱ्हाणं, आणि मग खालच्या वाडीच्या बायका रांगेत. एकेकीचं नाव पुकारायचं, तिने वाकायचं, शेठनी द्यायचं, फोटो. पोपटी का, तर शेठ सांगतात, आमच्या आईचा आवडता रंग. गणपतीत सगळी वाडी पोपटी असते. शेतात बाई कुठली आणि भात कुठला ते कळत नाही! खुद्द त्यांची आई, सीताकाकी, मोठ्या घराच्या ओसरीवर एकट्या बसलेल्या असतात, त्याही पोपटीच. त्यांचं फक्त रेशमी.

पण ह्या खेपेला गठ्ठ्याशेजारी एक पाटीही आली. रंगवून तयार. बाबलीने ती वखारीच्या दाराला टेकवून ठेवली. सुगंधा प्रौढ वर्गात नुकती वाचायला शिकलीय, दिसेल ते वाचते. बोट ठेवून वाचायला लागली. मातोश्री — सीताबाई — ग — री — ब. तिथे बोट थांबलं.

“बाई,” ती म्हणाली, “ह्या कोणाक म्हणतत?”

पुढचं ‘महिला साहाय्य केंद्र’ तिने वाचलंच नाही. एरवी दिवसभर कलकल करणाऱ्या बायका, आज रातांबे कापल्याचा आवाज तेवढा येत होता.

५ मे, रविवार

बैठक झाली. वखारीतच, काम करता करता. सगळ्या एकदम बोलत होत्या, पण एकच बोलत होत्या. पाटी नको. रांग नको. लुगडं हवं तेव्हा आम्ही घेऊ, हव्या त्या रंगाचं. वखारीचं भाडं घ्या. आणि खरंच काही करायचं असेल, तर एवढी हॉटेलं आहेत तुमची, तिथे आमचं सरबत ठेवा. दाम देऊन ठेवा. मदत नको, गिऱ्हाईक व्हा!

टाळ्या! लाल हातांच्या टाळ्या. मग सांगायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाई शिकलेल्या. शिक्षणाचा हाच एक तोटा.

गेले. शेठ ओसरीवर होते. मी उत्साहात सगळं भडाभडा बोलून टाकलं. दाम, भाडं, पाटी, रांग. मला वाटलं होतं, हसतील, पाठ थोपटतील. त्यांचं तोंड उतरलं. ते रागावले असते तर मी भांडले असते. पण माणूस दुखावला. शुद्ध मराठीत, हळू बोलले, “बाई, मी लहानपणी ह्या गावातून अनवाणी गेलो. जे देतो ते प्रेमाने देतो. त्यात मी भाव करू? आईच्या नावाच्या पाटीची तुम्हाला लाज वाटते?”

मी म्हटलं, आईंच्या नावाची नाही, पुढच्या शब्दाची. ते ऐकत नव्हते. म्हणाले, पूजेच्या दिवशी पाटी लागेल. पाटी नको असेल, तर त्या दिवसानंतर वखारही नको.

सीताकाकींनी चहा आणून ठेवला. 

६ मे, सोमवार

दाजींशी कडाक्याचं भांडण. म्हटलं, तुम्ही मानकरी, तुमचं शेठ ऐकतील, दोन शब्द बोला. म्हणाले, देवळात तुझं मंडळ आणू नको. गाऱ्हाण्यात माझ्या आज्यापासून एक अक्षर बदललं नाही. मी म्हटलं, मग दरवर्षी देवाला ‘हरिश्चंद्रान गोरगरीब बायकांका लुगडी दिल्यान’ असंच सांगत राहा. ते नुसते पान लावत बसले. मी भात झाकून ठेवला, जेवले नाही. (रात्री आंबे खाल्ले. आंब्यांशी माझं भांडण नाही.)

८ मे, बुधवार

बरण्या हलवायच्या तर कुठे हलवायच्या? सुगंधाच्या अंगणात कोंबड्या. आमच्या खळ्यावर माडाची सावली. देवळाच्या आवारात — छे! एवढ्या बरण्या, अर्ध्या मुरलेल्या, आणि चार दिवसांनी छप्पर नाही, उन्हाची जागा नाही. सगळा हंगाम फुकट. आणि एवढं असून आम्ही आज हसत होतो! सुगंधा म्हणाली, शेठच्या मोटारीच्या टपावर ठेवूया, ऊन लागतं आणि कुत्री पोचत नाहीत. सगळ्या हसून हसून लोळल्या. हे धैर्य की वेड, मला ठरवता येत नाही.

येताना विहिरीवर सीताकाकी भेटल्या. माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाल्या, “जाता काय गो ह्यो रंग?”

नाही जात, म्हटलं.

“बरा,” म्हणाल्या, आणि घागर न भरताच गेल्या. म्हातारपणी माणूस असं काहीतरी करतं.

१० मे, शुक्रवार

दाजी आज वखारीत आले! एक पेला सरबत प्यायले, सगळीकडे बघितलं, सुगंधाला विचारलं, तुमका नक्की काय व्हया? तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. बाहेर मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

१२ मे, रविवार

देवा, देवा, देवा! लिहू कुठून?

पूजा झाली. गाव सगळा देवळात. पुढे शेठ, पांढरं धोतर, कपाळाला गंध. बाजूला गठ्ठा, गठ्ठ्यावर पाटी. सीताकाकी खांबाला टेकून, रेशमी पोपटी. आमच्या बायका मागच्या बाजूला, आपापल्या जुन्या लुगड्यांत, रांग न करता.  आता दाजी गाऱ्हाणं घालणार, मग नावं पुकारणार, कोणी पुढे जाणार नाही, शेठ उठणार, आणि उद्या बरण्या रस्त्यावर.

दाजींनी नारळ ठेवला. हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमलेली आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“मुंबयसून हरिश्चंद्र इलेलो आसा. तेचो धंदो वाढव, तेका सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा!”

सगळं दरवर्षीचंच. शेठचे डोळे मिटलेले. वर्षभर मुंबईत कोणाला व्हय म्हाराजा म्हणायला मिळत नाही, तर वर्षाचं सगळं इथे काढतात. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. मी जमिनीकडे बघत होते. दाजींचा आवाज तोच, चाल तीच, उतार तोच —

“ह्या बायकांनी रातांब्याचो धंदो मांडलेलो आसा. तेंचा सरबत हरिश्चंद्रान आपल्या हाटेलात ठेवचा. दाम देवन ठेवचा, धर्म म्हणान न्हय.”

“व्हय म्हाराजा!”

मी मान वर केली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“वखारीचा भाडा तेणा मागून घेवचा. आणि हेंका कोणी गरीब म्हणाचा नाय.”

“व्हय म्हाराजा!” — आणि ह्या वेळीही सगळ्यांत मोठा आवाज शेठचाच!

 गावाच्या डोक्यात शब्द पोचायला वेळ लागला. बाबलीला वाटलं संपलं, त्याने ढोलावर टिपरी मारली — धडाम! आणि हशा फुटला. देवळाच्या आत, देवासमोर, म्हातारेकोतारे, सगळे. सीताकाकींनी पदर तोंडावर घेतला, खांदे हलायला लागले. मी घाबरले, रडतात की काय. रडत नव्हत्या. हसत होत्या!

शेठनी डोळे उघडले. “दाजी, हे काय बोललात?”

दाजी शांत. “मी बोललंय ता देवान ऐकल्यान,” ते म्हणाले. “तू बोललंस ता गावान ऐकल्यान.”

शेठ लालबुंद. प्रसाद घेतला, तो नाकारणार कसा, पण कोणाकडे न बघता मोटारीत बसले आणि गेले. घर देवळापासून हाकेच्या अंतरावर! लुगड्यांचा गठ्ठा तिथेच राहिला.

घरी आल्यावर मी दाजींना वाकून नमस्कार केला. म्हटलं, आज्याचं अक्षर बदललंत! तर म्हणाले, बायका स्वतःला गरीब म्हणवून घ्यायला तयार नाहीत, मग मी देवाला खोटं कसं सांगू? आणि पान मागितलं. एवढंच. माझा बाप!

पण उद्या शेठ काय करतील? देवासमोरचा शब्द मोडणारा माणूस नाही. पण रागावलेला माणूस आहे.

१३ मे, सोमवार

आले. चालत आले! वखारीच्या दारात उभे. रातांबे कापणारे हात थांबले.  शेठ म्हणाले, पेला द्या. सुगंधाने दिला. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

“ह्या सरबत न्हय गो, पाक आसा!” — मालवणीत! माणूस शुद्ध मराठी विसरला तेव्हाच मी मनात उडी मारली. “मुंबयत ह्या कोण पितलो? आणि ह्या बूच बघ. वाटेतच गळतला.”

झालं! सुगंधा उठली. म्हणाली, रसात पाणी कमी पडलं तर गोड लागणारच, आणि बूच घट्ट लावायला मनगट लागतं. शेठ म्हणाले, मीठ कमी आहे. ती म्हणाली, जिभेला चव कमी आहे. ते म्हणाले, भाव काय. तिने सांगितला. ते म्हणाले, लुटायला बसलात काय. ती म्हणाली, मग देवगडवाला घेतो आमचं, मान देऊन घेतो. आवाज एवढे चढले की बाबली जागा झाला!

आणि मी बरण्यांच्या मागे जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं ह्या बायकांना लुगडी मिळाली, एकीनेही कधी म्हटलं नाही की पदर आखूड आहे. त्यांनीही कधी विचारलं नाही. आज माणूस खोड काढतोय, घासाघीस करतोय, चिडतोय. म्हणजे घेणार! मला इतका आनंद झाला की एका बरणीला मिठी मारली. बरणी गरम होती, भाजले. काही हरकत नाही.

ठरलं. साखर कमी, मीठ चिमूटभर जास्त, बुचं नवी. पहिल्या खेपेला सगळ्या तयार बरण्या. शेठ वळले जायला, तर सुगंधाने वाट अडवली.

“भाडा मागूक नाय तुमी,” ती म्हणाली. “देवासमोर कबूल केलास.”

शेठ लाजले. एवढा मोठा माणूस, जमिनीकडे बघायला लागला! कोणाकडून घ्यायची सवय राहिली नव्हती बहुतेक. शेवटी पुटपुटले, भाडा दी. मोठ्याने, सुगंधा म्हणाली. त्यांनी मोठ्याने मागितलं. मग तेही हसले. अनवाणी गेलेला मुलगा कसा दिसत असेल, ते मला आज क्षणभर दिसलं.

१४ मे, मंगळवार

पाटी उलटी करून दोन खोक्यांवर ठेवली. बाटल्या भरायला झकास टेबल झालं.

१९ मे, रविवार

शेठ गेले. ज्या टपावरून लुगडी आली त्या टपावरून आमच्या बरण्या गेल्या! सुगंधाची थट्टा खरी झाली. गठ्ठ्याचं काय केलं, तर बायकांनी त्यातली काही लुगडी शेठकडून रीतसर विकत घेतली आणि फाडून बरण्यांच्या तोंडांना फडकी बांधली. एकेका बरणीला पोपटी टोपी! शेठ बघतच राहिले. मग म्हणाले, शोभतं. उरलेला गठ्ठा परत नेला.

निघताना आईच्या पाया पडले. म्हणाले, आई, गणपतीला येताना तुझ्यासाठी नवं पैठणी लुगडं आणतो, तुझ्याच रंगाचं. काकींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. धूळ खाली बसेपर्यंत फाटकात उभ्या होत्या.

२१ मे, मंगळवार

वखार उघडायला गेले तर दारात सीताकाकी. एकट्या, उन्हातून चालत आलेल्या. आत आल्या, पदर खोचला, सुगंधाच्या शेजारचा पाट ओढला आणि सुरी मागितली. मी म्हटलं, काकी, तुम्ही कशाला?

“फुकट नाय हां,” म्हणाल्या. “सगळ्यांका देतास ताच माका व्हया. जल्मात एक लुगडा माज्या पैशान घेवचा आसा.”

मग माझ्या कानाशी आल्या. “माका पोपटी रंग कधी आवडाक नाय गो.”

संध्याकाळी हात धुवायला साबण पुढे केला. नको म्हणाल्या.